मातीचं भाडं

उन्हाळ्यात संपादकांचा फोन आला. दिवाळी अंकासाठी टॅक्सीवाल्याच्या नजरेतून प्रवासी आणि चालकाचे हक्क, गाडीतले शिष्टाचार असं काही लिहाल का, असं त्यांनी विचारलं. ‘जरा खुसखुशीत होऊ द्या,’ असंही म्हणाले. मी हो म्हणालो. तेव्हा सुमन होती. तिनं भाजी निवडता निवडता मला चार किस्से आठवून दिले आणि ‘ते तुरीच्या पोत्याचं पहिलं घाला,’ असं बजावलं.

आता श्रावण संपला. लेख द्यायची वेळ टळून गेली आहे आणि सुमन नाही. तिनं सांगितलं होतं म्हणून तुरीचं पोतं पहिलं घालतो. खुसखुशीत किती होईल, ते सांगवत नाही.

मी मराठी घेऊन एम. ए. केलं, मग बी. एड. केलं. शिक्षकाची जागा मिळाली नाही, गाडी मिळाली. आधी काळीपिवळी जीप, लातूर ते अहमदपूर. नंतर स्वतःची चारचाकी, पांढरी, टुरिस्ट परमिटची. लातूरच्या आमच्या स्टँडवर मला सगळे मास्तर म्हणतात. गिऱ्हाईक नसलं की मी गाडीचं दार उघडं ठेवून वाचत बसतो, त्यामुळे ते नाव चिकटलं. घरी गेलो की सुमनचा रोजचा एक प्रश्न असे, ‘आज कोण बसलं होतं?’ पैसे किती मिळाले, हे तिनं पहिलं कधी विचारलं नाही.

तर तुरीचं पोतं. आडतीवरचा एक व्यापारी बियाण्याच्या तुरीचं पोतं घेऊन आला. डिकीत टाकू म्हटलं तर म्हणाला, ‘डिकीत पाणी लागतंय. म्होरं ठेवा.’ पोतं पुढच्या सीटवर बसलं. थोडं पुढं गेल्यावर गाडी टीं टीं ओरडायला लागली. पट्टा लावल्याशिवाय ती गप्प बसेना. शेवटी पोत्याला पट्टा लावला. व्यापारी मागं बसून पोत्याच्या पाठीकडं बघत नांदेडपर्यंत गेला. टोलनाक्यावरच्या माणसानं आत डोकावून विचारलं, ‘पाव्हणे कुठले?’

पुढच्या सीटची भांडणं हा स्वतंत्र विषय आहे. लग्नाच्या भाड्यात ती जागा जावयाची की मामाची, यावरून वरात तासभर थांबलेली मी पाहिली आहे. माझ्या गाडीत नियम साधा आहे. ज्याला उलटीचा त्रास, तो पुढं.

बाकीचे नियमही साधेच आहेत. गाडी थांबवा म्हटलं की ती थांबली पाहिजे, हा प्रवाशाचा हक्क. ‘हळू चालवा’ म्हणणं हाही हक्क आणि त्यावर ड्रायव्हरनं तोंड वाकडं करू नये. गाडीत फोनवर जे बोलणं होतं, ते ड्रायव्हरला ऐकू येत नाही असं धरायचं. मला तुरीचे भाव, मुलींची स्थळं, भावाभावांचे कोर्टातले डाव हे सगळं ठाऊक असतं आणि काहीच ठाऊक नसतं. आतला आरसा मागची गाडी बघायला असतो, मागची बाई बघायला नाही. आमच्या स्टँडवर एकजण हे विसरला, त्याला आम्हीच रांगेतून काढलं.

ड्रायव्हरचे हक्क त्याहून कमी. झोप आली तर गाडी बाजूला घेणं. दारू पिऊन आलेल्याला नाही म्हणणं. आणि जेवण. लग्नाला दोनशे पानं उठतात आणि ड्रायव्हर गाडीत बसून राहतो, असं पुष्कळदा होतं. ‘ड्रायव्हर जेवला का?’ असं विचारणारं घर मी कधी विसरत नाही. ते बहुतेक वेळा म्हातारी बाईच विचारते.

हे सगळं नेहमीच्या भाड्याचं झालं. एका भाड्याचे नियम मात्र वेगळे आहेत. ते कुठल्या कार्यालयात लावलेले नाहीत आणि आमच्या स्टँडवर ते कुणी मोडत नाही. आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात. गावाकडे कुणी वारलं, माणसाला लगोलग पोचवायचं आहे, असं भाडं आलं की ते मातीचं भाडं.

मातीच्या भाड्याला रांग नाही. ज्याची गाडी सगळ्यात बरी, तो निघतो. घासाघीस नाही. गाणी बंद. चहाला आपणहून थांबायचं नाही, प्रवाशानं म्हटलं तर थांबायचं. आणि गाडी सुरू करण्याआधी आतला आरसा छताकडं वळवायचा. मागं बसलेल्या माणसाला रडायचं असतं. ड्रायव्हरचे डोळे आरशात दिसत असले की त्याला रडता येत नाही.

शेवटचा नियम सगळ्यात जुना. बहुतेक वेळा प्रवाशाला खरं सांगितलेलं नसतं. घरच्यांनी त्याला फोनवर ‘सिरीयस आहे, निघ’ एवढंच सांगितलेलं असतं. खरं काय ते ड्रायव्हरला सांगतात. ड्रायव्हरनं ते पोटात ठेवायचं. विचारलं तर ‘बरं होईल’ म्हणायचं.

हा नियम कसा आला ते रशीदभाई सांगतात. रशीदभाई आमच्या स्टँडवरचे जुने, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. तोंडात पान आणि गाडीत कव्वाली, कायम. त्यांच्या काळीपिवळीत एकदा उदगीर रस्त्यावर एका बाईला शेजारच्यानं सांगून टाकलं की तुझा मुलगा गेला. बाईनं चालत्या जीपचं दार उघडलं. हात मोडला, जीव वाचला. रशीदभाईंना ते दार अजून दिसतं. ‘सांगायचं काम आपलं न्हाई मास्तर,’ ते म्हणतात. ‘आपलं काम पोचवायचं.’

मीही तसंच वागलो. कितीएक माणसं मी अशी पोचवली. आपण मोठं नाजूक काम करतो, असं मला वाटायचं आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी फोन आला. इस्लापूरहून. फोन करणाऱ्यानं आपण मुलीचा मामा असल्याचं सांगितलं. भाची लातुरात डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला होती, होस्टेलवर राहत होती.

‘दाजी गेले हो पहाटं,’ तो म्हणाला. ‘शेतातून आले, बसले अन् खल्लास. तिला पप्पा सिरीयस हायेत एवढंच सांगितलंय. तुम्ही बी तेच म्हणा. अन् तिच्या मोबाईलचं तेवढं बघा. पोरं स्टेटस टाकून राहिलेत, किती जणांना नको म्हणू?’

हा नवा त्रास आहे. माणूस गेला की अंगणात खुर्च्या यायच्या आधी मोबाईलवर त्याचा हार घातलेला फोटो येतो. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. म्हणून आता मातीच्या भाड्यात ड्रायव्हरनं मोबाईल काढून घ्यायचा असतो. चार्जिंगला लावतो म्हणायचं, आणि बंद करून पुढं ठेवून द्यायचा.

होस्टेलच्या फाटकावर मुलगी उभी होती. अश्विनी तिचं नाव. लहान चणीची, चष्मा, केस कसेतरी बांधलेले. होस्टेलवर मुलींचे मोबाईल रेक्टरबाईंकडे जमा असतात, घरी जाताना परत मिळतात. तो तिच्या हातात होता. मुलीला एकटीला कसं पाठवायचं म्हणून रेक्टरबाईंनी होस्टेलच्या मावशींना सोबत दिलं होतं. मावशींना गाडी लागते, म्हणून त्या पुढं. मुलगी मागं. मी तिची पिशवी डिकीत ठेवली, येऊन बसलो, आरसा वर केला.

‘मोबाईल दे बाळा, चार्जिंगला लावतो. मामांचा फोन येईल, बॅटरी पाहिजे.’

तिनं एक शब्द न बोलता दिला. मला बरं वाटलं. कधी कधी त्यासाठी झगडावं लागतं.

चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. मावशी एका हातात लिंबू आणि एका हातात पिशवी धरून बसल्या होत्या. त्या मधून मधून म्हणत, ‘काही होत न्हाई बघ. माझ्या दिराला असंच झालतं. आता ट्रॅक्टर चालवतो.’ मी म्हणायचो, ‘आता नांदेडला चांगले दवाखाने झालेत.’ मावशी म्हणायच्या, ‘हाव की.’ मागून मुलगी म्हणायची, ‘हो.’ तेवढंच. आरसा वर होता. मला ती दिसत नव्हती.

नांदेड ओलांडलं, भोकर मागं पडलं. हिमायतनगरच्या अलीकडे ती म्हणाली, ‘काका, गाडी थांबवता का जरा?’

थांबवली. तिनं पाण्याची बाटली घेतली, उतरली, रस्त्याच्या कडेला तोंड धुतलं. मग पर्समधून कंगवा काढला आणि उभ्या उभ्या वेणी घालायला लागली. मावशी पुढच्या सीटवर डोळे मिटून पडल्या होत्या. मी उतरून बॉनेटपाशी उभा राहिलो.

‘मम्मी बघेल ना,’ ती म्हणाली. ‘असे केस घेऊन गेले तर तिला अजूनच वाटेल.’

मी म्हणालो, ‘बरे होतील गं पप्पा.’

तिनं वेणीला रबर लावला. ‘काका, मला होस्टेलातच कळलंय. तुम्ही पिशवी ठेवत होते तेव्हा. चुलत भावाचं स्टेटस आलतं.’

मी एवढंच विचारलं, ‘मग बोलली का नाहीस?’

‘कशी बोलू? मावशी घाबरल्या असत्या. अन् तुम्हाला मामानं सांगितलं असेल ना, सांगू नका म्हणून. तुम्ही किती सांभाळून बोलत होते.’ तिनं ओढणीचं टोक दाखवलं. ते चावून चावून ओलं झालेलं होतं. ‘तुम्ही सगळे म्हणत होते बरे होतील. मग मी रडू कशी?’

ती परत गाडीत जाऊन बसली. मी तिथंच उभा होतो. एक ट्रॅक्टर आला, त्याच्या ड्रायव्हरनं बाजूला व्हा म्हणून हात केला, तेव्हा मी हललो.

सकाळपासून त्या मुलीनं बापाचं मरण दाताखाली धरून ठेवलं होतं. आरसा मी तिला रडता यावं म्हणून वर केला होता आणि तोंडानं तिला रडायला बंदी घातली होती. आम्ही तिला जपत होतो, असं मी समजत होतो. खरं तर सतरा-अठरा वर्षांची ती पोर आम्हाला जपत होती.

इस्लापूरला पोचलो. घरापुढची माणसं बाजूला झाली. ती उतरली, सरळ चालत आईकडं गेली आणि मग तिचा जो आवाज आला, तो मला इथं लिहिता येणार नाही.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा सुमननं विचारलं, ‘आज कोण बसलं होतं?’ मी सगळं सांगितलं. तिनं वाढलेलं ताट माझ्यापुढं सरकवलं. मग म्हणाली, ‘मला असं करू नका हं. काही झालं तर मला सरळ सांगा.’

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर विषय काढला. रशीदभाईंनी पान थुंकलं, म्हणजे आता नीट बोलणार.

‘पोरगी समजदार होती मास्तर. पण समद्यांचं तसं नसतंय. गाडी ऐंशीवर, अन् तुम्ही सांगणार बाप मेला म्हणून? दार उघडलं तर?’

‘गाडी थांबवून सांगावं.’

‘अन् थांबवल्यावर ट्रकखाली गेला तर? तुम्ही पुस्तकं वाचता, तुमचं काळीज मऊ झालंय. दस्तूर हाय तो हाय.’

विषय तिथंच संपला. त्यांचं दार मी पाहिलेलं नव्हतं.

आषाढात मी एका कुटुंबाला दर्शनाला नांदेडला घेऊन गेलो. ते आत गेले, मी पार्किंगमध्ये दार उघडं ठेवून वाचत बसलो. दुपारी जेवणानंतरची वेळ. समोरून रशीदभाई चालत आले. तेही त्या दिवशी नांदेडला रेल्वे स्टेशनचं भाडं घेऊन आले होते, मला ते माहीत होतं. त्यामुळे नवल वाटलं नाही. त्यांच्या तोंडात पान नव्हतं, तेही मला आता आठवतं, तेव्हा लक्षात आलं नाही.

‘मास्तर, चला. वहिनीला दवाखान्यात नेलंय. चक्कर आली म्हणे.’

‘सुमनला? सकाळी तर डबा करून दिला तिनं.’

‘हाव. चला तुम्ही.’

‘माझे प्रवासी आत आहेत.’

‘त्यांचं मी बघितलंय. दुसरी गाडी सांगितली. तुमची गाडी बालाजी आणतो.’ बालाजी आमच्याच स्टँडवरचा, रशीदभाईंच्या गाडीतूनच आलेला, तो मागं उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. हात पुढं केला, मी चावी दिली.

रशीदभाईंच्या गाडीचं पुढचं दार मी उघडायला गेलो. ‘मागं बसा,’ ते म्हणाले. ‘आरामात बसा.’ मी मागं बसलो. इतकी वर्षं गाडी चालवतो, पण मागच्या सीटवर बसायची वेळ क्वचितच आली असेल. तिथून ड्रायव्हरची मान तेवढी दिसते.

त्यांनी चावी फिरवली. त्यांचा डावा हात वर गेला आणि आरसा छताकडं वळला.

त्यांनी ते ठरवून केलं नाही. सवयीनं झालं. मागं कोण बसलंय, हे त्या हाताला कळलं नाही. कळलं तेव्हा हात तिथंच थांबला. मग त्यांनी हळूच आरसा खाली आणला. आरशात क्षणभर आम्ही एकमेकांना दिसलो. त्यांनी नजर काढून घेतली.

‘सिरीयस हाय फक्त,’ ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, ‘मोबाईल द्या तुमचा. चार्जिंगला लावतो.’

आणि मी दिला.

मी पुन्हा पुन्हा इथं येऊन अडकतो. हे वाक्य मी स्वतः कितीदा म्हटलं होतं. कशासाठी म्हणतात, ते मला पाठ होतं. तरी मी खिशातून मोबाईल काढला आणि पुढं केला, त्या मुलीसारखा, एक शब्द न बोलता. त्या क्षणी मला कळलं होतं. कळलं होतं आणि तरीही लगेच मी हिशेब मांडायला लागलो. आरसा त्यांनी सरळ केला की नाही? केला. मातीचं भाडं असतं तर सरळ केला असता का? म्हणजे चुकून हात गेला असेल. म्हणजे खरंच चक्कर असेल. बीपी असेल. कालपासून तिचं डोकं दुखत होतं, मी गोळी घे म्हणालो होतो. सलाईन लावलं असेल. मी गेलो की म्हणेल, कशाला आलात भाडं सोडून.

लोहा आलं. लोह्यात रशीदभाई आणि मी कधी चहाशिवाय पुढं गेलो नाही. टपरीवाल्यानं गाडी ओळखून हात वर केला. रशीदभाईंनी गाडी थांबवली नाही. गाणी बंद होती. आरसा सरळ होता. मी आरशाला धरून बसलो होतो.

खरं सांगायचं तर अहमदपूरपर्यंत सुमन जिवंत होती. रशीदभाईंनी मला तेवढी ती दिली. हे मी नाकारत नाही. त्या जुन्या नियमात दया आहे, हे मला मागच्या सीटवरच कळलं.

पण अहमदपूरला माझा धीर संपला. मी म्हणालो, ‘रशीदभाई, मी विचारतोय तुम्हाला.’

त्यांची मान हलली नाही.

‘मी विचारतोय. खरं सांगा.’

‘घरी चला मास्तर.’

‘तिनं मला सांगितलं होतं, मला सरळ सांगा म्हणून. मलाही तसंच सांगा.’

‘कुछ नहीं होता,’ ते म्हणाले. त्यांच्या मानेवर घाम आला होता. त्यांना ते दार दिसत होतं. मला त्या माणसाची कीव आली आणि मी गप्प बसलो. हिमायतनगरच्या रस्त्यावर वेणी घालणारी ती मुलगी आमच्याकडं कशी बघत असेल, हे मला तेव्हा समजलं. मला रडता आलं नाही. अहमदपूर ते लातूर मी सीटचं रेक्झिन नखानं खरडत बसलो. त्या खुणा त्यांच्या गाडीत आहेत.

गाडी आमच्या गल्लीत वळली. खुर्च्या मांडलेल्या होत्या. गाडी बघून बसलेली सगळी माणसं उठून उभी राहिली. मी आयुष्यभर ड्रायव्हरच्या जागेवरून हे बघत आलो, माणसं गाडीसाठी उभी राहतात असं वाटायचं. ती माझ्यासाठी उभी होती.

मला उतरता येईना. रशीदभाईंनी येऊन दार उघडलं आणि दाराला धरून तेच रडायला लागले. ‘माफ करा मास्तर,’ म्हणत होते. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. म्हणजे तिथंही मी दुसऱ्याचंच सांत्वन करत होतो. माझं रडणं आलं ते फार उशिरा, तिसऱ्या दिवसानंतर, तिचा न धुतलेला चहाचा कप खिडकीत सापडला तेव्हा.

नळाला पाणी आलं होतं. ती भरायला गेली आणि तिथंच पडली. दवाखान्यात न्यायच्या आधीच गेली होती. रशीदभाईंना नांदेडला फोन आला तेव्हाच सगळं संपलेलं होतं. स्टँडवर सगळ्यांना माहीत होतं. लोह्याच्या टपरीवाल्यालासुद्धा बालाजीनं फोन करून ठेवला होता, चहाला बोलावू नको म्हणून. तो हात त्यानं चहासाठी वर केला नव्हता. इतकं सगळं चोख झालं. आरसा सोडला तर आमच्या धंद्यातला एकही नियम त्या दिवशी मोडला गेला नाही.

चौदावा झाल्यावर मी स्टँडवर गेलो. सगळ्यांनी उठून जागा दिली. मी म्हणालो, ‘इथून पुढं मी आपणहून बोलणार नाही. पण प्रवाशानं विचारलं तर सांगणार. घरच्यांना तसं आधीच कळवणार. ज्यांना चालणार नाही, त्यांनी दुसरी गाडी घ्यावी. विचारणं हा प्रवाशाचा हक्क आहे.’

रशीदभाई खाली बघत होते. मग म्हणाले, ‘गाडी बंद करून. चावी खिशात घालून.’

‘हो.’

‘रस्त्याच्या खाली उतरवून.’

‘हो.’

‘अन् चाईल्ड लॉक लावून,’ ते म्हणाले. बालाजीला हसू आलं. मलाही आलं असतं.

त्यानंतरचं पहिलं मातीचं भाडं आलं ते भोकरचं. लातुरातले कापड दुकानदार शिवलिंगप्पा, साठीचे, गळ्यात लिंग, पांढराशुभ्र सदरा. भोकरला दिलेली त्यांची धाकटी बहीण वारली होती. भाच्याचा फोन आला, ‘मामाला सांगू नका, बीपी हाय त्यांना.’

मी माझी अट सांगितली. तो म्हणाला, ‘विचारलं तरच ना?’

‘विचारलं तरच.’

‘बरं मग. सांभाळून आणा.’

मोबाईल मी मागितला नाही. शिवलिंगप्पांचा फोन बटणाचा, साधा होता. ते पुढंच बसले. उलटीचं काही नव्हतं, पण मी नाही म्हटलं नाही. लोह्यापर्यंत ते एकसारखे बोलत होते. बहीण लहानपणी कशी हट्टी, दुकानातलं पातळ पसंत पडलं की अंगाला गुंडाळूनच घरी निघायची. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरला काय काय विचारायचं, तेही ते बोटं मोजून सांगत होते. मी ऐकत होतो. हूं म्हणत होतो. ‘बरं होईल’ एवढं एक वाक्य गिळायला मला किती त्रास झाला ते मलाच माहीत. जीभ आपोआप तिकडं जात होती.

नांदेड ओलांडल्यावर ते गप्प झाले. भोकरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन डोलत होतं. बराच वेळ ते समोरच्या काचेतून बघत राहिले. मग स्टेरिओकडं बोट दाखवून म्हणाले, ‘मास्तर, तुमच्या गाडीत गाणी न्हाईत का हो?’

‘आहेत.’

‘मग लावत का न्हाई?’

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यांनीही माझ्याकडं बघितलं नाही. हे विचारणं झालं का? मी दोन-तीन शेतं तशीच जाऊ दिली. त्यांचे दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवलेले होते आणि ते वाट बघत होते.

मी इंडिकेटर लावला. बाभळीच्या सावलीला गाडी रस्त्याखाली उतरवली, इंजिन बंद केलं, चावी खिशात घातली. आणि सांगितलं. साध्या शब्दांत, वारल्या म्हणून.

त्यांनी मान हलवली. ‘कवा?’

‘सकाळी.’

‘सकाळी तिचा फोन आलता. गिऱ्हाईक होतं म्होरं. मागून करतो म्हणलं मी.’ ते थांबले. ‘म्हणलं, मागून करतो.’

मग ते रडायला लागले. त्यांनी तोंड झाकलं नाही, आवाज दाबला नाही. कपाळ डॅशबोर्डला टेकवून, ‘अव्वा, अव्वा,’ करत आईला हाक मारत रडले. मी उतरलो, त्यांच्या बाजूला गेलो आणि दार उघडून तिथंच उभा राहिलो. घाई नव्हती. भोकरला पोचायला आम्हाला उशीर होणार होता, तेवढा होऊ द्यायचा असं मी ठरवलं.

मागून एक काळीपिवळी आली, माणसांनी भरलेली, टपावर पोती, आत दणदणीत गाणं. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा नव्हता. त्यानं उघडं दार बघितलं, मला बघितलं, आत वाकलेला माणूस बघितला. जीप शेजारी आली तशी तिचा वेग कमी झाला आणि गाणं मधेच थांबलं. आतली माणसं आमच्याकडं वळून बघत पुढं गेली. पुढच्या वळणाला जीप दिसेनाशी झाली, तोवर गाणं परत लागलं नव्हतं.